वस्तीच्या गाडीनं पळणारी नायिका

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींसाठी मराठीत थरारक कादंबऱ्या लिहिल्या जायला हव्यात, त्यांतली नायिका घरातून पळून जाणारी असली तरी हरकत नाही, आणि ती पुस्तकं शाळेच्या वाचनालयात कुलूप नसलेल्या कपाटात असावीत, असं माझं मत आहे. आमच्याकडे दक्षिण रत्नागिरीत हे चारचौघांत बोललं की समोरून येणारा प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे पोरींना पळून जायला शिकवायचं?" ती कोणापासून पळते, हे मात्र मला अजून कोणी विचारलेलं नाही.

इंग्रजीत या जातीच्या कादंबऱ्यांचा ढीग पडलेला आहे. साचा साधारण एकच. नायिका सोळा-सतराची, मागं काहीतरी भयंकर घडलेलं. तिनं नाव बदललंय, केस कापलेत, लांबच्या शहरात नव्या शाळेत ती शेवटच्या बाकावर बसते आणि कोणाशी फार बोलत नाही. जरा बस्तान बसतंय तोच मागचं सगळं दाराशी येऊन उभं राहतं. मग ती पुन्हा पळत नाही, सामना करते. आमच्या तालुक्याच्या कॉलेजातल्या मुली या कादंबऱ्या फोनवर वाचतात, निम्म्या कळून आणि निम्म्या अंदाजानं. मलाही त्या आवडतात. रात्री हातात घेतली तर सकाळची नळाची वेळ चुकते, इतक्या आवडतात.

मराठीत त्या वयाच्या मुलीला असं पुस्तक शोधून द्यायला गेलं तर हात रिकामा परत येतो. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीहून निघाला आणि सायकलवरून कुठं कुठं जाऊन आला. त्या वयाच्या मुलीला सायकलवर बसवावं असं आपल्या लेखकांना क्वचितच वाटलं. बाबूराव अर्नाळकरांपासून चालत आलेल्या रहस्यकथांवर दोन-तीन पिढ्या पोसल्या. त्या धाटणीच्या पुस्तकांत बाई यायची ती बहुधा गुप्तहेराकडे मदत मागायला, नाहीतर पहिल्या प्रकरणात मरून पडायला. आणि कोकण म्हटलं की आपल्या लेखणीला फणस, लाल माती, पडका वाडा आणि त्या वाड्यातलं भूत एवढंच सुचतं. वाड्यात भूत चालतं. वाड्यातला काका चालत नाही.

आमच्या वाचनालयाच्या पुस्तक खरेदीच्या बैठकीत मी असल्या काही पुस्तकांचा विषय काढला होता. एका सभासदांनी शांतपणे सांगितलं, "असलं काही आपल्याकडे नसतं, उगाच मुलींच्या डोक्यात भरवू नका." माणूस सज्जन, वाचन दांडगं. त्यांचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं, कारण ते एकट्याचं नाही. रत्नागिरीच्या नगर वाचनालयाची स्थापना १८२८ सालची. आपण वाचणारी माणसं आहोत हा इथला अभिमान खोटा नाही. दहावी-बारावीच्या निकालात कोकण मंडळ दर वर्षी राज्यात पहिलं येतं, त्यातही मुली पुढं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दोनच जिल्हे असे निघाले, जिथं पुरुषांपेक्षा बायका जास्त: रत्नागिरीत हजारी ११२२ आणि सिंधुदुर्गात १०३६. भाषणांत हे आकडे आले की टाळ्या पडतात.

पण ११२२ चा अर्थ काय, हेही बघावं. पुरुष मुंबईला आहेत. गावात बायका, म्हातारी माणसं, पोरं आणि मागं राहिलेले मोजके कर्ते पुरुष. जो एखादा काका, मामा नाहीतर चुलत आजा मागं राहिलेला असतो, त्याच्याकडे चार घरांच्या किल्ल्या असतात. आंब्याचा व्यवहार तो बघतो, लाइटबिल तो भरतो, रात्री-अपरात्री आजारी माणसाला तालुक्याला तोच नेतो. हे तो मनापासून करतो आणि सगळे त्याचे उपकार मानतात. बहुतेक ठिकाणी गोष्ट एवढीच असते. जिथं एवढीच नसते, तिथं त्या घरातल्या मुलीनं तोंड कुणापाशी उघडायचं? लहान मुलांवरच्या अत्याचाराच्या पोलीस नोंदी कुठल्याही वर्षाच्या काढा, आरोपी बहुतेक वेळा ओळखीतलाच निघतो. आमच्याकडे सगळेच ओळखीतले असतात.

अशी गोष्ट बाहेर आलीच, तर "भावकीत मिटवा" म्हणतात. गणपतीत, शिमग्याला देवापुढं गाऱ्हाणं घालतात, त्यात कोणाची नोकरी, कोणाचं अडलेलं लग्न, कोणाचं दुखणं असं सगळं एकेक करून येतं आणि जमलेली माणसं "व्हय म्हाराजा" म्हणून त्याला दुजोरा देतात. या गोष्टीचं गाऱ्हाणं मी कधी ऐकलेलं नाही.

तेव्हा डोक्यात भरवण्याचा मुद्दा मला पटत नाही. मुलींच्या डोक्यात काय भरलं जायचं ते फोनवर रोज भरलं जातंच आहे. टीव्हीवरच्या गुन्हेगारी मालिकांत सुरुवातीलाच मुलगी मेलेली सापडते आणि उरलेला तासभर दोन पुरुष तिच्याबद्दल बोलतात. शेवटी निवेदक तिनं काय करायला नको होतं ते सांगतो. ही मालिका घरात सगळे एकत्र जेवताना बघतात. त्यापेक्षा जिच्यावर बेतलं ती स्वतः जिवंत राहून शेवटपर्यंत विचार करते, असं पुस्तक वाईट कसं?

माझी खरी तक्रार दुसऱ्या बाजूची आहे. परदेशी साचा जसाच्या तसा उचलून इथं लिहिला, तर ती "खंबीर मुलगी" खोटी पडेल. शाळांतून हल्ली मुलींना स्वसंरक्षणाचे वर्ग असतात, राणी लक्ष्मीबाईंच्या नावानं सरकारी योजनाही आहे. चांगलंच आहे, मुली जरा ताठ चालायला लागतात. पण तो ठोसा अनोळखी माणसासाठी शिकवलेला असतो. ज्याच्या हातून तांदूळ घरात येतो त्याला ठोसा मारून संध्याकाळी जेवायचं कुठं?

समजा मीच लिहायला बसले. नायिका सोळाची, नुकतीच दहावी झालेली. गाव खाडीकाठचं, राजापूर तालुक्यातलं धरा. वडील मुंबईला, महिन्याला पैसे पाठवतात आणि गणपतीला येतात. आई आहे, पण घर काकाच्या हुकमतीत. काकानं काय केलं ते मी फोडून लिहिणार नाही. असल्या पुस्तकांत ते जितकं कमी तितकं बरं. जिला कळायचं तिला एका वाक्यात कळतं.

इंग्रजी नायिका खिडकीतून उडी मारते. इथं पडवीचं दार रात्री नुसतं लोटलेलं असतं, त्यामुळे घराबाहेर पडणं ही अडचणच नाही. अडचण ओटीपीची आहे. अकरावीचे प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झाले. तिला लांबच्या शहरातलं, वसतिगृह असलेलं कॉलेज भरायचंय, आणि तिच्या प्रत्येक कागदाला नंबर जोडलाय तो काकाचा. अर्ज, आधार, शिष्यवृत्ती, बँक, काहीही उघडलं की सहा आकडे काकाच्या शर्टाच्या खिशात वाजतात. काका अंघोळीला गेला की शर्ट न्हाणीबाहेरच्या खुंटीला असतो. ओटीपी दहा मिनिटं चालतो. काकाची अंघोळ चार मिनिटांची. त्या चार मिनिटांत तिला फोन काढायचा, आकडे पाठ करायचे, मेसेज पुसायचा आणि फोन होता तसा, पडदा आतल्या बाजूला करून ठेवायचा. एकदा पाणी गरम नसतं आणि काका दोनच मिनिटांत बाहेर येतो. मला सांगा, यापेक्षा बंदूक काय जास्त भीती घालणार?

पैसे म्हणाल तर एप्रिल-मे मध्ये पडलेल्या काजूबिया वेचून दुकानावर घालायच्या, हा इथल्या पोरांचा पिढीजात उद्योग आहे. बाकीची पोरं त्याचा बर्फाचा गोळा खातात, ही खात नाही. तेवढ्यावरून कोणाच्या तरी लक्षात यायला हवं, आणि कादंबरीत ते आजीच्या येतं.

मग एसटी. आमच्याकडच्या बऱ्याच गावांना वस्तीची गाडी असते. रात्री येते, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाहीतर शाळेच्या पडवीत झोपतात आणि उजाडायच्या आत गाडी परत निघते. मुलीकडे शाळेचा मोफत पास असतो, पण तो घर ते शाळा एवढाच. त्याच्यापलीकडं एक थांबा जरी जायचं तरी तिकीट. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं. महामंडळ बुडेल म्हणून या योजनेवर पुष्कळ ओरड झाली. माझं म्हणणं, तिच्या जमाखर्चात एक रकाना राहून गेलाय: काजूच्या पैशांत जी निम्म्या वाटेपर्यंतच पोचली असती ती आता कोल्हापूरपर्यंत पोचते.

पैशाची सोय झाली तरी कंडक्टर आहेच. तो चार वर्षं त्याच गाडीवर आहे. सकाळी सहाला पाठीवर दप्तर नाही, हातात पिशवी, आणि तिकीट शाळेच्या पुढचं. तो विचारणारच, "खय चाललीस? कोणाची गो तू?" या दुसऱ्या प्रश्नातच सगळं कोकण आहे. मालवणकडे गेलात तर "कोणाचा गो चेडू?" म्हणतील. स्टँडवरची भजीवाली विचारते, रिक्षावाला विचारतो, शेजारी बसलेली कोणाची तरी आत्या विचारते. नाव सांगून भागत नाही. वाडी, आडनाव, बापाचं नाव आणि घराची खूण मिळेपर्यंत विचारणाऱ्याचं समाधान होत नाही. यात मायाच असते. याच मायेनं इथली म्हातारी माणसं एकटी असूनही बेवारस मरत नाहीत. पण जिला ओळख नको आहे तिच्यासाठी या किनाऱ्यावर बसायला जागा नाही. कोकण रेल्वेनं जायचं म्हटलं तर राजापूर रोड स्टेशन राजापुरापासून लांब, तिथं जायला रिक्षा, आणि रिक्षावाल्याचं लग्न काकानंच जमवलेलं.

बरं, मुंबईला पोचली तरी सुटली का? इंग्रजी कादंबरीतलं महानगर म्हणजे कोणी कोणाला न ओळखणारी गर्दी. आमची मुंबई तशी नाही. गिरण्यांच्या काळापासून प्रत्येक गावचं मंडळ तिकडं आहे. लालबाग-परळच्या खोल्या विकून माणसं विरार, नालासोपारा, दिव्याला गेली, तशी मंडळंही गेली. मुलगी स्टेशनात उतरायच्या आधी गाव तिथं पोचलेलं असतं. म्हणून माझ्या नायिकेला मी घाट चढवून कोल्हापूरला पाठवते. भूगोलाचा असा विचार केल्याशिवाय कोकणात पळापळीची गोष्ट लिहिता येणार नाही.

इथपर्यंत वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल की माझी नायिका एकटी पुरी पडत नाही. तिला कोणीतरी गप्प बसणारं माणूस लागतं. आजी काजूचे पैसे बघून न बघितल्यासारखं करते. कंडक्टर तिकीट फाडतो आणि संध्याकाळी काकानं विचारल्यावर "ध्यानात नाही" म्हणतो. खंबीर म्हणून जिचं कौतुक होतं, तिच्या मागं अशी दोन-तीन माणसं असतात. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर मात्र तिचं एकटीचं चित्र येतं, आणि मग आपल्यालाही वाटायला लागतं की जिच्यात धमक असेल ती निघेल. जी निघाली नाही तिच्यात धमक नव्हती, असा त्याचा पुढचा अर्थ आपण न बोलता लावतो. या "खंबीर मुली"च्या कौतुकावर माझा राग आहे तो इथं.

मदत करणाऱ्यालाही धोका आहेच, आणि तो लेखकानं लपवू नये. अठराच्या आतली मुलगी घरातून गेली की सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानंतर पोलीस गुन्हा नोंदवतात, अपहरणाचा म्हणून. म्हणजे ती आपल्या पायांनी गेलेली असली तरी कागदावर तिला कोणीतरी पळवलेलं असतं. हा आदेश हवाच होता. पूर्वी हरवलेल्या गरिबाच्या पोराची साधी दखल घेतली जात नसे. पण त्यामुळे कंडक्टर घाबरणार, मैत्रिणीची आई घाबरणार. आणि आपल्या घरी महिनाभर लपवून ठेवणारी प्रेमळ बाई, जी असल्या पुस्तकांत हमखास असते, ती इथं कायद्याच्या कचाट्यात सापडणार. एकटं, हरवल्यासारखं सापडलेलं मूल असलं तर २४ तासांत कळवावं लागतं. चाइल्डलाइनला १०९८ वर, पोलिसांत किंवा बालकल्याण समितीला.

२०१५ च्या बाल न्याय कायद्यात या समितीपुढं मुलाला कोणी आणायचं याची यादी आहे. पोलीस आहेत, समाजसेवक आहेत, डॉक्टर, कोणीही चांगला नागरिक आहे, आणि त्याच यादीत खुद्द ते मूलही आहे. सोळा वर्षांची मुलगी कोणालाही बरोबर न घेता समितीपुढं उभी राहून "मला घरी पाठवू नका" म्हणू शकते. समितीला पहिल्या वर्गाच्या न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. ही गोष्ट दहावीपर्यंतच्या कुठल्या मुलीला माहीत आहे? नागरिकशास्त्राच्या तासाला नाही कळली, तर कादंबरीच्या अकराव्या प्रकरणात कळू दे. अर्थात समिती जिल्ह्याला एक. मंडणगडच्या मुलीला रत्नागिरी गाठायची म्हणजे एसटीत दिवस गेला. आणि वयाची अठरा पूर्ण झाली की बालगृहाचं दार बंद होतं. पुढं एकवीसपर्यंत अनुरक्षण गृहाची तरतूद आहे, ती किती जणींपर्यंत पोचते हा वेगळ्या लेखाचा विषय.

इथं कोणी म्हणेल की पळून जाणं ही आपली रीत नाही, हे वारं बाहेरचं. मग देवरुखच्या गोदूबाई जोशी आठवाव्यात. बालविधवा. भाऊ नरहरपंत मुंबईला शिकत होता, त्यानं बहिणीला तिकडं नेलं आणि पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये काढलेल्या शारदा सदनात ती सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी एक झाली. ११ मार्च १८९३ ला तिनं भावाच्या मित्राशी, दापोलीजवळच्या मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. आणि मागचं सुटलं का? मुरूडनं कर्व्यांवर बहिष्कार घातला. नाव बदललेली, गाव सोडलेली, दूरच्या शहरात शिकायला गेलेली आणि मागून गावाचा हात तिथवर पोचलेली मुलगी, हा साचा आपण सव्वाशे वर्षांपूर्वी इथंच जगलोय. त्यात ठोसा कुठं नाही. भाऊ आहे, मुंबईतली खोली आहे आणि एका बाईनं उघडलेलं सदन आहे, जिथं झोपायला अंथरूण आणि शिकायला पाटी मिळत होती. ते सदन नसतं तर गोदूबाईंची हिंमत देवरुखच्या स्वयंपाकघरातच राहिली असती. पुढं १८९६ मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. आपण सुटलो त्या वाटेनं दुसऱ्यांनाही येता यावं म्हणूनच ना?

आताच्या काळातल्या बहिष्काराचं रूप निराळं आहे. ते रोज आपल्या हातातून जातं. "हरवली आहे. कृपया जास्तीत जास्त पुढे पाठवा." शाळेच्या गणवेशातला फोटो, पूर्ण नाव, गाव, अंगावर कुठला ड्रेस होता ते, आणि खाली संपर्काचा नंबर. गावच्या ग्रुपवर, देवस्थानाच्या ग्रुपवर, मुंबईच्या मंडळाच्या ग्रुपवर तो मिनिटात फिरतो. कळवळ्यानंच फिरतो, मी कोणाच्या हेतूवर शंका घेत नाही. पण माझ्या कादंबरीत तो खालचा नंबर काकाचा आहे. ती ज्याच्यापासून पळते आहे त्याच्यासाठी अख्खा जिल्हा डोळे उघडे ठेवून बसलाय, कोल्हापूरच्या स्टँडवरचा चहावालासुद्धा. इंग्रजी थरारकथेत खलनायक खासगी गुप्तहेर नेमतो, त्याला पैसे मोजतो. इथं त्याला फुकटात हजार मिळतात.

आणि ती सापडल्यावर? "मुलगी सापडली, धन्यवाद" हा निरोप तितका फिरत नाही. फोटो मात्र फिरत राहतो; दोन-तीन वर्षांनी कुठल्या तरी ग्रुपवर पुन्हा ताजा होऊन येतो. ती बारावी झालेली असते, वसतिगृहात नव्या मैत्रिणी असतात आणि कोणाच्या तरी फोनवर तिचा जुना चेहरा उगवतो. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं अत्याचारग्रस्त मुलाची ओळख प्रसिद्ध करायला मनाई केली आहे, बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नं संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचीही केली आहे. ही मनाई फक्त वर्तमानपत्रांसाठी आहे अशी आपली समजूत. हरवलेलं मूल शोधू नये असं मी म्हणत नाही. चार वर्षांचं मूल जत्रेत चुकलं तर फोटो फिरवावाच. पण सोळा वर्षांच्या मुलीचा फोटो हाती आला तर पाठवण्याआधी एवढंच बघा: खाली नंबर पोलीस ठाण्याचा आहे का? नातेवाइकाचा असेल तर पुढं पाठवू नका. मुलगी दिसलीच तर ११२ किंवा १०९८ लावा. तिथं निदान एक माणूस तिला बाजूला घेऊन विचारेल, की घरी जायचंय का.

शाळा बदलताना जो दाखला लागतो, तोही एकदा नीट वाचून बघा. नाव, आईचं नाव, जात, जन्मगाव, आधीची शाळा, वर्तणूक, शाळा सोडल्याचं कारण. जुन्या गावाचा पत्ता लिहिलेली चिठ्ठीच ती. नवीन शाळा खात्री करायला जुन्या शाळेला फोन करते, आणि जुन्या शाळेतला कारकून संध्याकाळी पारावर बसतो. दाखल्याअभावी प्रवेश अडवू नये, असं शिक्षण हक्क कायद्यानं २००९ मध्येच सांगितलं, पण त्याची हद्द आठवीपर्यंत. आमची नायिका अकरावीची.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं त्या मुद्द्यावर येते. भूतकाळापासून पळणारी मुलगी म्हणताना आपण धरून चालतो की तिचं मागचं सगळं टाकून देण्यासारखं आहे. माझ्या नायिकेच्या मागं काय काय आहे? आजी आहे. पेजेबरोबरचं लोणचं आहे, खाडीतल्या मुळ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं आहे, घरचा गणपती आहे, "गो" लावून बोललेली भाषा आहे. कोल्हापूरच्या वसतिगृहात ती जिभेवरचं "गो" पुसून टाकायला शिकेल, कारण त्यावरून कळतं. गणपतीत अख्खी मुंबई कोकणात उतरते तेव्हा ती एकटी घाटावर थांबेल. एका माणसापासून सुटायचं म्हणून तिनं सगळा गाव गमावला, आणि तो माणूस मात्र तिच्याच घरातल्या गणपतीची आरती म्हणतो आहे. याला आपण सुखान्त म्हणतो, कारण ती वाचली.

पळून जाणाऱ्या मुलीच्या गोष्टी मला हव्यात. ज्या घरात दुसरा उपायच उरलेला नाही, तिथल्या मुलीला दार कुठं आहे ते कळलं पाहिजे. पण नेहमी तिनंच निघायचं, हे गृहीत धरूनच सगळी गोष्ट रचली जाते, आणि पुस्तकातलं गृहीत गावातही चालतं. तिला मावशीकडे पाठवा, हॉस्टेलला टाका, नाहीतर लग्न लावून द्या. भावकीत मिटवायचं म्हणजे काय, तर मुलीला हलवायचं. काकाला हलवायचं कोणाच्या डोक्यात येत नाही.

कायद्याच्या डोक्यात ते आलेलं आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम १९ वाचा. हिंसा करणाऱ्या पुरुषानं राहतं घर सोडून जावं, असा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतो. घर कोणाच्या नावावर आहे यावर ते अडत नाही. सातबारावर बारा जणांची नावं असलेल्या आमच्या घरांसाठी तर हे सोईचंच. एकत्र कुटुंबात राहणारी पुतणीही या कायद्यात बसते. अर्ज तिनंच करायला हवा असंही नाही. संरक्षण अधिकारी करू शकतो, तिच्या वतीनं दुसरं कोणीही करू शकतं: आई करू शकते, शाळेतल्या बाई करू शकतात.

म्हणून मला या कादंबरीचा दुसरा भाग हवा आहे. त्यात मुलगी घरीच आहे, अकरावीला तालुक्याच्या कॉलेजात जाते-येते. आईनं अर्ज केलाय. मे महिना आहे, आंबा उतरायचा आहे, आणि व्यापाऱ्याचे सगळे व्यवहार काकाच्या फोनमध्ये आहेत. भावकी रोज एक माणूस समजूत घालायला पाठवते: "एवढं काय झालं? आंबे कोण बघणार? पोरीचं लग्न कसं होणार?" वडील मुंबईहून फोनवर आईला ओरडतात, मग चौथ्या दिवशी एकटेच येतात आणि पडवीत काही न बोलता बसतात. ते कोणाच्या बाजूनं आलेत ते दोन प्रकरणं कळत नाही. आदेश मिळतो. काका बॅग भरून वस्तीच्या गाडीनं जातो आणि कंडक्टर त्यालाही विचारतो, कुठं निघालात म्हणून. आठवड्यानं संध्याकाळची गाडी गावात येते तेव्हा त्यातून कोण उतरतं हे बघायला आई, आजी आणि ती खळ्यात उभ्या असतात. तो उतरला, तर आदेश पाळला जाईल हे बघायला न्यायदंडाधिकारी जवळच्या पोलीस ठाण्याला सांगू शकतो, हेही कलम १९ मध्येच आहे. ठाणेदार येतो की भावकीत मिटवा म्हणतो, ते लेखकानं ठरवावं.